तह वहीबशी होता, माझ्याशी नाही

संचारबंदी उठल्याची बातमी आली तेव्हा आमच्या डोंगरावरच्या बायकांनी खिडक्या उघडून लग्नघरात करतात तसा जिभा हलवून आनंदाचा गलका केला. मला वाटलं, एकेकीच्या तोंडात बोळा कोंबावा. राग येईल तुम्हाला. येऊ दे. सगळ्या अम्मानमध्ये त्या दिवशी एकच पोरगी रडली असेल आणि ती मी होते. साथीचं कौतुक नव्हतं मला. पण त्याच दिवसांत मला माझी गच्ची मिळाली होती, आणि आता ती जाणार होती.

खरं म्हणजे गच्ची अम्मो वहीबची. अम्मो म्हणजे काका; हा याबांचा, म्हणजे माझ्या बापाचा, धाकटा भाऊ. लग्न नाही, ट्रक चालवतो, गच्चीवरच्या खोलीत राहतो आणि खोलीपेक्षा मोठी कबुतरांची ढाबळ बाळगतो. रस्ते बंद झाले तेव्हा तो दूर अकाबा बंदरात होता, तिथंच अडकला. पहिल्याच रात्री त्याचा फोन आला.

"भाऊ, माझ्या लेकरांना दाणापाणी घाल रे."

"आधी लग्न कर, मग लेकरं म्हण," याबा म्हणाले. "कबुतरवाल्याची साक्ष काझीसुद्धा घेत नाही आणि मी त्यांची घाण उपसू?"

याबांची टॅक्सी दाराशी उभी होती. गाड्यांना बंदी. रोज सकाळी ते तिला फडक्यानं पुसायचे, कुठं लग्नाला न्यायची असल्यासारखी, आणि मग दिवसभर आमच्यावर खेकसायचे. दोन खोल्या, एक टीव्ही, धाकट्या दोन बहिणी आणि सगळ्यांच्या शाळा एकाच फोनवर. यम्माला, म्हणजे आईला, पिसांनी धाप लागते. राहिलं कोण? मी.

"संध्याकाळी सहाला संचारबंदीचा भोंगा झाला की जायचं," यम्मानं बजावलं. "तेव्हा गल्लीत चिटपाखरू नसतं. डोकं झाकायचं, दाणे टाकायचे, खाली यायचं. गच्चीवर उभी राहून डोंगराला तोंड दाखवायचं नाही."

चिटपाखरू नसतं म्हणे! भोंगा झाला की गल्ली रिकामी व्हायची आणि अख्खा डोंगर आपापल्या गच्चीवर चढायचा. कोणी पतंग उडवतंय, कोणी हुक्का ओढतंय, कोणी नुसतंच शेजाऱ्याला शिव्या घालतंय. मी वर गेले आणि पहिल्यांदा कळलं की आमच्या घरावर एवढं मोठं आभाळ आहे आणि ते आजवर एकटा अम्मो वापरत होता.

अम्मोनं सांगितलं होतं, ढाबळ उघडू नकोस. मी चौथ्या की पाचव्या दिवशी उघडली. मग त्यानं फोनवर आधी आरडाओरडा केला आणि नंतर, दुसरा इलाज नव्हता म्हणून, शिकवलं. पोट भरल्यावर उडवायचं नाही. भुकेलं कबूतर परत येतं. काठीला काळं फडकं बांधून थवा वर ठेवायचा. खाली आणायचा असेल तर एक मादी हातात धरून तिचे पंख फडफडू द्यायचे. मी दुपारी वर जायला लागले. यम्मा आठवडाभर भांडली, मग थकली. दाणे मात्र मी भोंग्यालाच टाकायचे. तशी सवय लागली होती, मलाही आणि त्यांनाही.

एकदा टीव्हीवर सांगितलं, संचारबंदी आणखी वाढली. याबांनी रिमोट सोफ्यावर आपटला. माझं लक्ष नव्हतं आणि मी हसले असणार.

"तुला बरं वाटतंय ना हे सगळं?" याबा म्हणाले.

"नाही."

"खोटं बोलू नकोस. बापाची गाडी गंजतेय आणि मुलगी मजेत आहे."

"मी काय तुमच्या गाडीत पाणी ओतलं का?"

यम्मानं मला स्वयंपाकघरात ढकललं. तिथं उभी राहून मी मसुराच्या आमटीत लिंबू इतकं पिळलं की कोणालाही ती जेवता आली नाही. तेव्हा मला याबांची कीव यायला हवी होती, हे मला कळत होतं. आली नाही. ते मला शाळेतून आणायला यायचे तेव्हाही अशाच आवाजात बोलायचे, आणि शाळेत तर मुली मला 'कुबडी' म्हणायच्या, कारण मी खांदे पाडून चालायचे. गच्चीवर खांदे पाडून चालता येत नाही. मान सतत वर लागते.

आता अबू नायेफ. समोरच्या गच्चीवरचा. निवृत्त हवालदार, मिशा अजून नोकरीत असल्यासारख्या. मधली गल्ली इतकी अरुंद की त्याच्या चहातल्या पुदिन्याचा वास आम्हाला येतो. त्याचाही थवा होता, अम्मोच्या दुप्पट. त्याचा आणि अम्मोचा तह होता. कबुतरवाल्यांत दोनच नाती असतात: तह नाहीतर युद्ध. तहात चुकून दुसऱ्याच्या गच्चीवर उतरलेलं कबूतर परत द्यायचं. युद्धात जे उतरलं ते गेलं, आणि युद्धात गेलेलं परत घेणं म्हणजे भीक घेणं. कबुतरवाला उपाशी मरेल, पण ते घेणार नाही.

एका दुपारी वारा फिरला आणि शेखा त्याच्या गच्चीवर उतरली. शेखा म्हणजे अम्मोचा जीव. काळीभोर, मानेवर पांढरा पट्टा, चाल अशी की सगळ्या ढाबळीचं भाडं तीच भरते. अबू नायेफनं जाळं टाकलं आणि तिला उचललं.

"अम्मो अबू नायेफ," मी कठड्याशी जाऊन म्हणाले, अगदी गोड आवाजात, "ती आमची आहे. शेखा."

"ओळखतो मी. तिच्या आईलाही ओळखत होतो."

"मग टोपलीत घालून दोरीनं सोडता का?"

त्यानं शेखाचे पंख उलगडून पाहिले, बाजारात कापड पाहावं तसे. "तह वहीबशी आहे. पोरीशी नाही."

"मी त्याचीच पुतणी ना!"

"मग तुझ्या बापाला पाठव. कबुतरं हे पुरुषांचं काम. तू जा, खाली भांडी पडली असतील."

शेजारच्या गच्चीवर उम्म अदनान चादरी वाळत घालत होती. तिला डोंगरावरचं सगळं ऐकू येतं. ती हसली, आणि ते हसणं माझ्यावर होतं.

मी खाली धावले. याबा टॅक्सीच्या बॉनेटवर बसले होते.

"याबा, फक्त त्याच्या दाराशी जाऊन एवढंच म्हणा, परत दे."

"एका पाखरासाठी मी त्या मिशीवाल्याच्या दारात उभा राहू?"

"अम्मोची शेखा आहे!"

"बरं झालं. एक तोंड कमी झालं."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, माझी तर केसांपर्यंत गेली. मी पुन्हा वर आले. डोक्यावरचा रुमाल घट्ट बांधला, पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर चढले आणि ओरडले. आमच्याकडे युद्ध असंच पुकारतात, मोठ्यानं आणि साक्षीदारांसमोर.

"अबू नायेफ! ऐक! तुझं-माझं युद्ध! उम्म अदनान साक्षीला!"

"मला कशाला गं मध्ये घेतेस?" उम्म अदनान म्हणाली, पण चादर टाकून कठड्याशी आली.

अबू नायेफ इतका हसला की त्याला खोकला लागला आणि आसपासच्या गच्च्यांवरची माणसं खोकल्याला घाबरून आत पळाली. "युद्ध! वहीबच्या पुतणीनं युद्ध पुकारलं! मंजूर! मंजूर बाई!"

त्या दिवसापासून मी त्याला अम्मो म्हणणं सोडलं.

पहिल्या काही दिवसांत त्यानं माझी दोन पिल्लं नेली. मी अभ्यास सोडून विचार करत होते. त्याचा थवा मोठा, त्याचा हात जुना. माझ्याकडे काय होतं? मग एका संध्याकाळी दोन्ही थवे हवेत मिसळले आणि तेवढ्यात सहाचा भोंगा झाला. तो भोंगा ऐकला की लहान मुलं कानांवर हात ठेवायची. अबू नायेफची कबुतरं बिथरली, फुटली, वाट दिसेल तिकडे पळाली. आणि माझी? माझी दगडासारखी खाली आली. सरळ माझ्या पायांशी. त्यांना भोंगा म्हणजे ताट वाढल्याची हाक होती! आणि त्यांच्या मागोमाग, घाबरलेली, कुठं जावं न कळलेली त्याची तीन कबुतरं.

मी जाळं टाकलं. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो खिडकीतल्या बायकांच्या गलक्याहून मोठा होता.

"उम्म अदनान, मोजलीस का?"

"मोजली!" ती म्हणाली. "अल्लाह तुला उदंड आयुष्य देवो, सैताने!"

मग रोज. तो थवा आधीच उतरवायला बघायचा, तर मी माझा उशिरा सोडायचे आणि त्याच्या थव्यात घुसवायचे. पकडलेल्यांची पिसं मी धाग्यानं बांधायचे, म्हणजे त्यांना उडता येत नाही, आणि माझ्या हातानं खाऊ घालायचे. ती मला ओळखायला लागली. अबू नायेफच्या मिशा खाली आल्या. एकदा तो गल्लीत याबांना गाठून म्हणाला, "मुलीला आवर. गच्चीवर उभी राहून पुरुषांशी ओरडते, शोभतं का?"

याबा फडकं पिळत होते. "तुझी लढाई तिच्याशी आहे ना? मग तिच्याशीच लढ. मला माझी धूळ पुरे."

माझी बाजू घेतली की मला उडवून लावलं, ते मला आजही ठरवता येत नाही. पण रात्री मी त्यांच्या चहात साखर नेहमीपेक्षा जास्त घातली. त्यांनी नाक मुरडलं आणि सगळा प्यायले.

आणि मग ती बातमी आली. गलका झाला. भोंगा बंद. याबा टॅक्सी घेऊन गेले तेव्हा हॉर्न वाजवत गेले, धाकट्या बहिणी मागं पळाल्या. यम्मा दारात उभी राहून रडत होती, आनंदानं. मीही रडत होते. तिनं मला जवळ घेतलं. तिला वाटलं, आम्ही एकाच गोष्टीसाठी रडतोय.

अम्मो वहीब दोन दिवसांनी आला, दाढी वाढलेला, उन्हानं काळवंडलेला. पिशवी खाली टाकून तो थेट वर गेला. मी मागोमाग. मला वाटलं, पाठ थोपटेल. त्यानं ढाबळीत अबू नायेफची कबुतरं पाहिली आणि डोकं धरलं.

"हे काय केलंस? त्या माणसाबरोबर मी कित्येक वर्षं तह पाळला!"

"त्यानं शेखा दिली नाही."

"मी येईपर्यंत थांबायचं!"

"कधी येणार होतास? तुला तरी माहीत होतं?"

चहा न पिता तो समोर गेला. दोघं अबू नायेफच्या गच्चीवर बसले, माझ्या डोळ्यांसमोर, कॉफी पीत. मला सगळं ऐकू येत होतं.

"तिनं पकडलेली तुझी सगळी परत देतो," अम्मो म्हणाला. "तू शेखा दे. झालं गेलं विसरू."

"मंजूर. पण एक अट. पोरगी पुन्हा वर येता कामा नये."

"शाळा सुरू होईलच तिची," अम्मो म्हणाला. "वर कशाला येतेय."

एवढ्या सहज. घोटभर कॉफी आणि माझं आभाळ गेलं.

तो परत आला आणि टोपलीत कबुतरं भरायला लागला. मला वाटलं होतं मी त्याच्या अंगावर धावून जाईन. पण तो एकेक पाखरू उचलताना त्याच्या पिसांना बांधलेले माझे धागे सोडायला गेला, आणि त्याला गाठी सुटेनात. मी पुढं होऊन सोडल्या. सगळ्या. मग तो टोपली घेऊन जिना उतरला.

तो गल्ली ओलांडेपर्यंत मी थांबले. मग टाकीच्या ओट्यावर चढले.

"अबू नायेफ! दार उघडण्याआधी ऐक! युद्ध मी पुकारलंय! वहीबनं नाही! तह तुझा त्याच्याशी आहे, तूच म्हणालास! माझ्याशी नाही! माझं युद्ध अजून चालू आहे!"

गच्च्यांवर लोक आले. संचारबंदी उठली तरी सवय कुठं सुटते.

"लुजैन, खाली उतर!" अम्मो गल्लीतून ओरडला.

"ती टोपली माझी आहे, अम्मो! मी जिंकलेली! घेऊ दे त्याला! सगळ्या डोंगरासमोर घेऊ दे!"

अबू नायेफनं दार उघडलं होतं. हात टोपलीपर्यंत आला होता. त्यानं वर पाहिलं, माझ्याकडे नाही, आजूबाजूच्या गच्च्यांकडे. मग उम्म अदनान म्हणाली, फार मोठ्यानं नाही, "घे रे, हवालदारा. पोरगी दान करतेय."

त्यानं हात मागं घेतला.

"भीक नको मला," तो म्हणाला आणि दार इतक्या जोरात लावलं की पलीकडच्या घराचं कुत्रं भुंकायला लागलं.

अम्मो टोपली घेऊन वर आला तेव्हा त्याला धाप लागली होती. टोपली आपटली नाही, जपून ठेवली.

"शेखा गेली," तो म्हणाला. "आता ती कायमची त्याची. कळतंय तुला?"

"कळतंय."

"आणि तह गेला. उद्यापासून तो माझी कबुतरं टिपणार. तुझ्यामुळे."

"टिपू दे ना. आपणही टिपू."

"आपण?" त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यात प्रेम नव्हतं. त्याला थप्पड मारायची होती आणि हिशोबही करायचा होता. समोर अबू नायेफनं आपली ढाबळ सताड उघडली. सगळा थवा एकदम वर गेला आणि त्यात शेखा होती. काळी, पट्टा चमकत. ती त्याच्या थव्यात अशी उडत होती जणू तिथंच जन्मली. तरी मला वाटलं, काय सुंदर उडते.

अम्मोनं शिट्टी घातली, आमचा थवा सोडला. कबुतरांनी त्याच्या शिट्टीकडे लक्षच दिलं नाही. त्यानं काठी उचलली, जोरजोरात फिरवली. थवा गोंधळला.

"तू काठी खाली ठेव," मी म्हणाले. "त्यांना घाबरवतोयस."

"मला शिकवतेस?"

"हो. आणि बाजूला हो. ती माझ्याकडे बघतायत, तू मध्ये उभा आहेस."

तो शिवी घालणार होता. तोंड उघडलंही. पण समोरचा थवा आमच्या डोक्यावर आला होता, वेळ नव्हता. अम्मो वहीब दोन पावलं मागं सरकला आणि ढाबळीच्या भिंतीला पाठ टेकून उभा राहिला.