चेंडू सोडून बोला

परदेशात आल्यावर माझ्या नवऱ्याला सगळं मिळालं. चांगली नोकरी मिळाली, उन्हं येणारं घर मिळालं, आणि सोशिक बायको तर तो येतानाच सोबत घेऊन आला होता. मिळत नव्हता तो फुटबॉलवर वाद घालायला माणूस.

ऑफिसात तो मोठ्या इमारतींमधल्या हवेच्या नळ्यांचे आराखडे काढतो. तिथे फुटबॉल बघणारे ढिगाने होते, पण सोमवारी कॉफीच्या मशीनपाशी ते एकमेकांना स्कोअर सांगायचे, हसायचे आणि कामाला लागायचे. शिवाय नवऱ्याला तिथली भाषा येत होती ती मीटिंगपुरती. नळी कुठून वळवायची हे तो झकास समजावून सांगतो. पण "तुमचा मिडफिल्डर भित्रा आहे, पास येतोय असं दिसलं की आडोसा शोधतो" हे सांगायला घेतलं की तो व्याकरणात अडकायचा, आणि तोवर समोरच्याची कॉफी संपलेली असायची. मग घरी येऊन तेच सगळं मला. मी भाजी चिरताना "हो का" म्हणायचे. ते "हो का"सुद्धा मी चुकीच्या जागी म्हणते, अशी त्याची तक्रार होती.

मग त्याची दाढ दुखायला लागली. दुखणं निदान आपल्या भाषेत सांगता यावं म्हणून आम्ही मराठी बोलणारा दंतवैद्य शोधून काढला. नवरा खुर्चीत आडवा, तोंड उघडं, तोंडात थुंकी ओढायची नळी, आणि डॉक्टर वरून म्हणाले, "कालच्या गोलात गोलकीपरची चूक नव्हतीच, काय?" नवऱ्याला बोलता येईना. डोळ्यांत पाणी आलं बिचाऱ्याच्या, आणि ते दाढेमुळे नव्हतं. गाल बधिर असतानाच तो बाहेर येऊन डॉक्टरांशी असा भांडला, की पुढचा पेशंट वैतागून उठून गेला. डॉक्टरांनी त्याला रविवारी घरी बोलावलं.

डॉक्टरांकडे दर रविवारी दुपारी सामना बघायला माणसं जमायची. माणसं म्हणजे डॉक्टर धरून तिघं. एक लिफ्टवाला, म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. हाताला कायम ग्रीसचा वास. दुसरा औषधाच्या दुकानात काम करायचा, पण त्याला सगळे पंच म्हणायचे, कारण ऑफसाइडवर त्याचं मत खऱ्या पंचाच्या आधी यायचं. या घराचा एक नियम होता. टीव्हीचा आवाज बंद. पहिल्या हाफमध्ये कोणी बोलायचं नाही. मध्यंतराला प्रत्येकाने आपण काय बघितलं ते सांगायचं, पण चेंडू सोडून. चेंडू तर सगळं जग बघतं, असं डॉक्टरांचं म्हणणं. चेंडूपासून लांब मैदानावर काय चाललं होतं ते बोला. ज्याच्या तोंडून चेंडूचं काही निघालं, तो चहाला. म्हणजे त्याने उठायचं, सगळ्यांना चहा करायचा, आणि दुसऱ्या हाफची सुरुवात आधणाकडे बघत घालवायची.

नवरा कधीच चहाला गेला नाही. पहिल्याच रविवारी तो म्हणाला, "डावीकडचा विंगर पास मागायला हात वर करत होता. त्याच्याकडे कोणी बघेना. नंतर त्याने हात वर करणंच सोडलं. आता पास आला तरी तो उशिरा पळेल." दुसऱ्या हाफमध्ये पास आला आणि तो उशिरा पळाला. लिफ्टवाल्याने नवऱ्याच्या गुडघ्यावर थाप मारली. महिनाभरात त्याचं नाव दुर्बीण पडलं. माझ्या नवऱ्याला आभाळ ठेंगणं झालं. तो घरात शीळ घालायला लागला, भांडी घासायला लागला. मला बरं वाटायचं, का खोटं बोलू.

खरी गोष्ट मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. बायकांनी बसायची जागा म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. मी आणि डॉक्टरांची बायको तिथे उंच स्टुलांवर बसायचो. समोर बैठक, मागे बाथरूमचं दार. नवऱ्याला मध्यंतराच्या जरासं आधी बरोब्बर लघवी लागायची. आत गेला की तो नळ सोडायचा, आणि नळाच्या आवाजाखाली मला सासऱ्यांचा आवाज ऐकू यायचा.

माझे सासरे शाळेत खेळाचे मास्तर होते. सासूबाई गेल्यापासून तिकडे घरी एकटे. ते तोच सामना तिकडे बघायचे आणि मुलाच्या फोनवर बोलून पाठवायचे. "तो डावीकडचा पोरगा हिरमुसलाय रे. हात वर करायचा बंद झालाय. बघ आता काय होतं." त्यांना वाटायचं, मुलगा हौसेने ऐकतोय. मुलगा हौसेने ऐकतच होता म्हणा.

मग सासरे काही महिन्यांसाठी आमच्याकडे राहायला आले. नवऱ्याने ही बातमी डॉक्टरांपासून लपवून ठेवली. पण मी डॉक्टरांच्या बायकोला सहज सांगून बसले, आणि डॉक्टर म्हणाले, "दुर्बिणीचे वडील? आणा की त्यांना." गाडीत नवरा वडिलांना म्हणाला, "बाबा, तिथे फार बोलू नका. त्यांचं जरा वेगळं असतं."

"बरं," सासरे म्हणाले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

त्यांनी खरंच तोंड उघडलं नसतं. पण मध्यंतराला डॉक्टरांनी पाहुण्यांचा मान म्हणून पहिला प्रश्न त्यांनाच केला. सासऱ्यांनी मुलाकडे बघितलं, मग जमिनीकडे बघत हळूच सांगितलं. निळ्यांचे दोघे डिफेंडर एकमेकांशी बोलत नाहीयेत, काहीतरी भांडण झालंय. एकाने चूक केली की दुसरा दुसरीकडे बघतो. समोरच्यांना कॉर्नर मिळाला तर त्या दोघांच्या मधे घुसावं, कोणीच उडी मारणार नाही. दुसऱ्या हाफमध्ये कॉर्नर मिळाला, त्या दोघांच्या मधून गोल झाला, आणि पंचाने चक्क उठून सासऱ्यांच्या पायाला हात लावला.

त्या दिवशी नवऱ्याकडे सांगायला काहीच नव्हतं. पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "मधल्याने पास फार लांब मारला." लिफ्टवाला आनंदाने ओरडला, "चेंडू. दुर्बीण चहाला." सगळे हसले. सासरेही हसले, कारण त्यांना वाटलं हा खेळाचाच भाग आहे. नवरा उठून ओट्यापाशी आला आणि त्याने आधण ठेवलं. मी साखरेचा डबा पुढे केला, तर त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी डबा तिथेच ठेवून दिला.

पुढच्या रविवारीही तो चहाला. त्याच्या पुढच्याही. निघताना डॉक्टर सासऱ्यांना म्हणाले, "काका, ह्याला कधी काम असलं तर सांगा. मी तुम्हाला घ्यायला येईन." दुर्बीण हे नाव आता कोणी घेत नव्हतं. नवऱ्याला हाक मारायची झाली तर लिफ्टवाला म्हणायचा, "ओ काकांचे चिरंजीव." त्यात वाईट हेतू काही नव्हता. पण माझ्या नवऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच.

त्यानंतरच्या रविवारी सामना सुरू व्हायच्या आधी सासरे बाथरूमला गेले, तेव्हा तो बोलला. आवाज खाली आणून, तोंड पाडून, अगदी रीतसर.

"तुम्हाला सांगायला नको वाटतं, पण बाबांचं डोकं हल्ली साथ देत नाही. मागच्या सामन्यातलं आजचं म्हणून सांगतात. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलंय. तुम्ही मनावर घेऊ नका, एवढंच."

मी स्टुलावरून उठले. नवऱ्याने माझ्याकडे बघितलंही नाही. डॉक्टरांची बायको माझा हात धरून म्हणाली, "अगं, तू कधी बोलली नाहीस." मी तोंड उघडलं तोच बाथरूमचं दार वाजलं. सासरे रुमालाला हात पुसत बाहेर आले आणि सगळ्यांकडे बघून हसले. त्यांच्या देखत काय बोलणार होते मी?

माणसं वाईट असती तर बरं झालं असतं. ती चांगली होती. डॉक्टरांनी सासऱ्यांच्या पाठीमागे उशी ठेवली. पंच त्यांच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागला. मध्यंतराला सासरे म्हणाले, "लाल संघाचा लेफ्ट बॅक उजवा पाय आखडून धरतोय. दुखतोय त्याचा. फार वेळ टिकणार नाही."

पंच मऊ आवाजात म्हणाला, "काका, तो मागच्या रविवारचा."

"नाही हो. आत्ताचाच. थ्रो-इनच्या वेळी बघा, तो पाय टेकतच नाही. मागे घेऊन बघा की."

डॉक्टरांनी रिमोट उचलला. एवढं एक बटण दाबलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. तेवढ्यात नवरा वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "राहू दे, बाबा. नको आता." हट्टाला पेटलेल्या मुलाशी बोलावं तसं. डॉक्टरांनी रिमोट खाली ठेवला.

दुसऱ्या हाफमध्ये तो लेफ्ट बॅक पाय धरून खाली बसला आणि त्याला बाहेर नेलं. लिफ्टवाल्याने टाळ्या वाजवल्या. "बघा, काकांचं बरोबर आलं की नाही? शाब्बास काका." मग सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या, बाळाने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने घास खाल्ला की वाजवतात तशा. सासऱ्यांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. जन्मभर त्यांनी माणसं मैदानावर काय लपवतात तेच बघितलं होतं. शेवटी त्यांची नजर मुलावर आली आणि तिथेच थांबली.

गाडीत ते म्हणाले, "मी काही चुकीचं बोलतो का रे हल्ली?"

नवरा आरशात बघून म्हणाला, "होतं, बाबा. वयाने होतं. तेच तेच बोलता कधीकधी. आम्ही मनावर घेत नाही."

"बरं," सासरे म्हणाले.

घरी आल्यावर मी दार लावून घेतलं आणि त्याला म्हटलं, "स्वतःच्या बापाला वेडा ठरवलंस, डॉक्टरांकडच्या एका खुर्चीसाठी?"

"तुला काय कळतं त्या खुर्चीतलं?" तो म्हणाला. "इथं आल्यापासून मला कोणी एक प्रश्न विचारला नव्हता. त्या खोलीत माणसं माझं बोलणं ऐकायला पुढे सरकतात. बाबांना तिकडे अख्खं गाव ओळखतं. मला इथे कोण ओळखतं? ते काही महिन्यांनी जातील परत. मी राहणार आहे."

खोटं नव्हतं तेही. पण माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला होता, की मी त्या रात्री त्याचं ताट वाढलं नाही. त्याने स्वतः वाढून घेतलं आणि पोटभर जेवला.

सासरे त्या आठवड्यापासून गॅस बंद आहे का ते पुन्हा पुन्हा बघायला लागले. आज वार कोणता, हे मला विचारायचे आणि मी सांगितला की कॅलेंडरपाशी जाऊन खात्री करायचे. वार त्यांना बरोबर माहीत असायचा. फक्त आपल्याला माहीत आहे यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. शेवटी मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं स्पष्ट सांगितलं. बाथरूम, नळ, फोनवरचे निरोप, दुर्बीण, काहीही झाकलं नाही. "बाबा, तुमचं डोकं ठणठणीत आहे. तो खोटं बोलला."

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"चांगली आहेस तू, बाळ. आजारी माणसाला असंच सांगावं लागतं. मीही तुझ्या सासूच्या शेवटच्या दिवसांत तिला असंच काहीबाही सांगायचो." आणि थोडं थांबून म्हणाले, "तो कशाला खोटं बोलेल? माझा मुलगा आहे तो."

मी हात टेकले. त्यानंतर सासरे डॉक्टरांकडे गेले नाहीत, आणि मीही गेले नाही. नवऱ्याला त्याची खुर्ची परत मिळाली. जाताना तो शीळ घालत गेला.

रविवारी दुपारी मी आणि सासरे घरी सोफ्यावर बसून तोच सामना बघत होतो. आवाज मीच बंद केला होता, त्यांना आवडतं म्हणून. मध्यंतराच्या जरासं आधी माझा फोन वाजला. पलीकडे नळ वाहत होता.

"बाबांना दे," नवरा घाईने कुजबुजला. "पटकन."

माझी जीभ वळवळत होती. पण मी फोन स्पीकरवर टाकून सासऱ्यांपुढे धरला. मला ऐकायचं होतं.

"बाबा, आज काय बघितलंत? लवकर सांगा."

सासरे सरळ होऊन बसले. वर्गात उभं केलेल्या मुलासारखे त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, टीव्हीकडे नीट बघितलं आणि म्हणाले,

"चेंडू बघितला. तेवढा दिसतोय अजून बरोबर. बाकीचं सांगत नाही रे. चुकलं तर तुला तिथे सगळ्यांसमोर खाली बघावं लागतं."

पलीकडे बराच वेळ नळ वाहत राहिला. मग लांबून लिफ्टवाल्याची हाक ऐकू आली, "दुर्बीण, चला, मध्यंतर झालं," आणि फोन बंद झाला.