कपाट नंबर नऊ

नौपाड्यातल्या त्या वाचनालयाचं नाव इथे देत नाही. तसलं कपाट इतरही वाचनालयांत होतं, एकट्यालाच कशाला दोष द्या! हिरवं, लोखंडी, खिडकीपासून लांब ठेवलेलं कपाट नंबर नऊ कायम कुलपात असे आणि त्याची किल्ली कार्यवाह त्र्यंबकरावांच्या जानव्याला बांधलेली असे. त्यातलं पुस्तक बाईमाणसाला हवं असेल, तर अर्जावर नवऱ्याची किंवा वडिलांची सही लागे. वीस वर्षांत असे अर्ज आले तीन, आणि तिन्ही नामंजूर झाले.

शेवंती तिथे सहायक ग्रंथपाल होती. चेंदणी कोळीवाड्यातली, घरातली पहिली पदवीधर. आई लहानपणीच गेली, तेव्हा तिला वाढवलं मंजुळाआतेनं, मासळीच्या पाटीवर. आते स्वतः शाळेत गेली नव्हती. पण भाचीच्या पदवीचा फोटो तिने देव्हाऱ्याशेजारी लावला होता आणि पहिला हार देवाला की फोटोला, यावर दर सणाला घरात वाद होई.

१९९८च्या जून महिन्यातला एक साधा मंगळवार. वागळे इस्टेटमधल्या एका कारखानदाराने वाचनालयाला दोन कॉम्प्युटर भेट दिले, इंटरनेटसकट. कार्यकारिणीला आनंद झाला आणि लगेच धडकीही भरली. त्यात नको ते दिसतं म्हणे! मग नको ते अडवणारा 'फिल्टर' नावाचा एक प्रोग्राम आणला. बसवायला आलेल्या माणसाने विचारलं, "कोणते शब्द अडवायचे? यादी द्या."

सात पुरुष टेबलाभोवती बसले होते. शेवंती लिहून घ्यायला वही घेऊन उभी.

"त्र्यंबकराव, तुम्ही निवृत्त मुख्याध्यापक, भाषेचे जाणकार. आपणच प्रारंभ करावा," अध्यक्ष श्रीपादराव म्हणाले.

"छे छे! आपण वकील. न्यायालयात सारं कानांवरून गेलेलं असतं. आपणच सांगावं."

पाच मिनिटं एकमेकांना मान देण्यात गेली. शेवटी त्र्यंबकरावांनी तोडगा काढला. "नऊ नंबरमध्ये जे आहे ते वाचकांपुढे ठेवायचं नाही, हे आपलं ठरलेलंच आहे. त्या पुस्तकांच्या नावांतले अन् अनुक्रमणिकेतले शब्द इंग्रजीत उतरवून काढा. शेवंती करील." सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि चहा मागवला.

आता त्या कपाटात होतं काय? चार-पाच चटोर कादंबऱ्या. बाकीची चाळीस पुस्तकं एका दिवंगत डॉक्टरीणबाईंनी वाचनालयाला दिलेली होती: पाळी, गर्भाशय, बाळंतपण, स्तनांचे आजार. आत चित्रं होती, म्हणून कोणीतरी ती कुलपात टाकली आणि मग ती तिथलीच झाली. शेवंतीचा हात थबकला. "सर, ही तर डॉक्टरीची पुस्तकं आहेत."

"जे आहे ते उतरव."

तिने उतरवलं. एकशे बारा शब्द स्वतःच्या बोटांनी टाइप करून दिले. ही चूक तिने पुढे कधीच लपवली नाही, म्हणून मीही लपवत नाही.

ऑगस्टमध्ये एका सकाळी आतेच्या पाठीला तेल लावताना शेवंतीच्या बोटांना काखेखाली, स्तनाच्या कडेला काहीतरी कडक लागलं.

"आते, हे काय गं?"

"काय नाय गो. दुधाची गाठ रायली आसंल."

"दुधाची? तुझा धाकटा चौदा वर्षांचा झाला!"

"मंग वाऱ्याची आसंल. दुखत तं नाय मना. हलद लावलीय. कोनला सांगू नको, माजी आन हाय तुला. पुरुस डाक्तरासमोर मी पदर काडनार नाय."

कपाट पुन्हा कुलपात गेलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधी शेवंती कॉम्प्युटरसमोर बसली. स्तनातली गाठ, एवढंच तिने इंग्रजीत विचारलं. पडदा लाल झाला: 'हा मजकूर वाचनालयाच्या संस्कारांस धरून नाही.' तिनेच टाइप केलेला शब्द तिच्याच वाटेत आडवा आला होता.

गोष्ट तिथे संपली नाही. कोणी काय शोधलं याची नोंद तो प्रोग्राम ठेवत असे. शनिवारी त्र्यंबकरावांनी तिच्यापुढे तीन घड्या घातलेला कागद सरकवला. "मुलीच्या जातीला हे शोभतं का?"

"सर, घरात आजारपण आहे."

"आजारपणाला डॉक्टर असतात. नोंद या वेळी मी दडपतो आहे. पुन्हा नको."

शेवंती खाली मान घालून बाहेर आली आणि गप्प बसली. एक आठवडा नाही, अडीच महिने. आतेनं शपथ घातलेली, सरांनी उपकार केलेले, आणि शरम तर आपल्याकडे मुलींना पाळण्यातच पाजतात. तरी इथे मला शेवंतीचाही राग येतो. तिला स्वतःला तर तो जन्मभर येत राहील.

दिवाळीत आतेच्या छातीची कातडी एका जागी आत ओढली गेलेली दिसली. शेवंतीने तडक डोंबिवली गाठली. तिथे तिची कॉलेजातली मैत्रीण रंभा चार कॉम्प्युटर टाकून सायबर कॅफे चालवत होती. तिच्या कॉम्प्युटरवर कोणाचा पहारा नव्हता. दहा मिनिटांत शेवंतीने वाचलं, की न दुखणाऱ्या गाठीकडे मुळीच दुर्लक्ष करू नये, लगेच तपासून घ्यावं. दहा मिनिटांत! ती तिथेच तोंडावर ओढणी धरून रडली.

संध्याकाळी तिने आतेची शपथ मोडली. तिला ओढत एका लेडी डॉक्टरकडे नेलं, तिथून मुंबईच्या मोठ्या इस्पितळात. नोव्हेंबरात ऑपरेशन झालं. सर्जनबाई म्हणाल्या, "ऑगस्टमध्येच आला असतात तर बहुधा एवढं कापावं लागलं नसतं. आता काखेपर्यंत पसरलंय. उपचार करू, पण मी खात्री देऊ शकत नाही."

वाचनालयाचा 'वाचक-मंच' नावाचा एक ई-मेल गट होता. ठाण्यापासून कल्याणपर्यंतचे आणि अमेरिकेत गेलेले मिळून दोनशे सभासद त्यावर कथा-कवितांची चर्चा करत. शेवंतीने तिथे सगळं लिहिलं: यादी कशी झाली, तीत काय आहे, घरात काय घडलं. तासाभरात त्र्यंबकरावांचं उत्तर आलं: 'हा मंच साहित्यचर्चेसाठी आहे. फिल्टर हा येथील विषय नाही. पत्र काढून टाकले आहे.' तिने पुन्हा लिहिलं, तेव्हा तिचं नावच काढून टाकलं. कपाटाची किल्ली त्यांच्याकडे, मंचाचीही त्यांच्याकडेच.

"मग आपण वेगळा गट काढू," रंभाच्या कॅफेत बसून शेवंती म्हणाली. असे गट फुकटात उघडून देणारी ठिकाणं तेव्हा इंटरनेटवर नुकतीच निघाली होती.

"तुझी वाट लागेल हां. नोकरी जाईल," रंभा म्हणाली.

"आतेची काय वाट लागली ते बघितलंस ना? मग माझी लागू दे."

"नाव काय टाकू?"

"कपाट-नऊ."

पहिल्या पत्रात एकशे बाराच्या एकशे बारा शब्द होते. खाली एक ओळ: 'ही यादी मी टाइप केली. आता ती मोडायलाही मीच बसले आहे.' पहिल्या आठवड्यात अकरा बायका आल्या, महिन्याभरात साठ. विठ्ठलवाडीची एक नर्स उत्तरं देऊ लागली. कल्याणच्या एका शिक्षिकेने विचारलं, की शाळेच्या कॉम्प्युटरवर हेच बसवणार आहेत, तर विरोधाचं पत्र कसं लिहायचं? साठ जणींनी मिळून ते लिहिलं.

मार्चमध्ये शेवंतीला कार्यकारिणीपुढे बोलावलं. तेच टेबल, तेच सातजण. यंदा तिच्यासोबत मंजुळाआते होती, अंगावर ठेवणीतलं कोळी लुगडं आणि उपचारांनी केस गेलेल्या डोक्यावर घट्ट रुमाल.

"या कोण? बाहेरच्यांना सभेत प्रवेश नाही," त्र्यंबकराव म्हणाले.

"बसू द्या त्यांना," श्रीपादराव म्हणाले. मग शेवंतीकडे वळले. "बाई, आपण संस्थेच्या सेवक आहात. तो गट बंद करा आणि लेखी क्षमा मागा. अन्यथा राजीनामा द्यावा लागेल."

शेवंतीने यादीचा कागद टेबलावर ठेवला. "बंद करते. एकच अट. हे शब्द तुम्ही अडवले आहेत, तर तुमच्यापैकी कोणीही एकाने ही यादी मोठ्याने वाचून दाखवा. एकशे बारा शब्द. आत्ता बंद करते."

कागद एकाकडून दुसऱ्याकडे गेला. कोणी चष्मा पुसला. कोणी पंखा वाढवायला उठलं. कागद फिरून पुन्हा शेवंतीपुढे आला.

तेव्हा आते उठली.

"मना वाचता येत नाय. पन यातला येक सबूद मना ठाव हाय. थान!" ती टेबलापाशी आली. "ह्याच थानावर मी चार पोरं वाडवली. तुमीबी कुनाच्या तरी थानावरच वाडलंव ना? मंग त्याचं नाव घ्याला लाज कला वाटते? माजं कापलं, मना नाय वाटत लाज."

श्रीपादरावांनी मान खाली घातली. त्र्यंबकराव लालबुंद झाले. "हा असभ्यपणा आहे! राजीनामा द्या!"

"राजीनामा देणार नाही, क्षमा मागणार नाही आणि गटही बंद करणार नाही," शेवंती म्हणाली. "काढायचं तर तुम्ही काढा. आणि कारण स्पष्ट शब्दांत लिहून द्या."

त्यांनी काढलं. कारणाच्या रकान्यात 'शिस्तभंग' लिहिलं. खरा शब्द त्यांना तिथेही लिहवला नाही.

पंधरा दिवसांनी दुपारी रंभाच्या कॅफेत एक बाई शिरल्या. साठीच्या, नीटनेटक्या, घामाघूम. एवढ्या उन्हात नौपाड्याहून डोंबिवलीला एकट्याच आल्या होत्या. शेवंती आता तिथेच काम करत होती, हे वाचनालयात सगळ्यांना ठाऊक झालं होतं. तिने त्यांना ओळखलं आणि उभी राहिली. त्र्यंबकरावांच्या पत्नी, विमलाबाई.

"तुमच्या त्या सभेचं हे घरी सांगत होते," विमलाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "खूप चिडून सांगत होते. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की असं उघड बोलता येतं." त्यांनी पदर छातीशी घट्ट धरला होता. "मलाही आहे गं. दीड वर्ष झालं. ह्यांना कधी बोलले नाही. कसं बोलणार?"

पाळत ठेवायला बसवलेला तो प्रोग्राम, जानव्याची ती किल्ली, आणि त्याच घरात दीड वर्षं लपवलेली ही गाठ!

"आजच दाखवायला जाऊ," ती म्हणाली. "मी येते बरोबर. आतेपण येईल."

"जाऊ या. पण आधी मला तुमच्या त्या गटात यायचंय. माझ्यासारख्या आणखी असतील." विमलाबाईंनी पिशवीतून पेन आणि चार घड्या घातलेला कोरा कागद काढला. "अर्जावर ह्यांची सही आणावी लागेल का गं?"

"नाही काकू," शेवंतीने कॉम्प्युटरसमोरची खुर्ची मागे ओढली. "बसा. तुमचं नाव तुम्हीच टाइप करा."