न आलेली आकडी

मित्रांनो, वसईतल्या एका रुग्णालयात, जिन्याखालच्या खोलीत चादर पांघरून बसलेली जुनी ईईजी मशीन म्हणजे मी. मेंदूत चालणारी विजेची बारीक कुजबुज ऐकायची आणि तिच्या रेषा काढायच्या, हे माझं काम. डोक्याला माझ्या रंगीत वायरी चिकटवताना मुलं विचारत, "शॉक बसेल का?" अरे बाबांनो, मी कुणाला काही देत नाही. नुसती ऐकते.

आकडी पसरली की सारा मेंदू पेटल्यासारखा दिसतो. पण आग कुठल्या कोपऱ्यात लागली, ते पहिल्या काही क्षणांतच कळतं. तो कोपरा नेमका सापडला, तर काहींना ऑपरेशन करून बरं करता येतं. म्हणून रुग्णाला दाखल करायचं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या थांबवायच्या आणि आकडीची वाट बघायची. मोठमोठे डॉक्टर माझ्या रेषांसमोर खुर्ची ओढून बसत. तेव्हाचा माझा रुबाब काही विचारू नका.

निर्मळ गावची क्रिस्टीना आली तेव्हा कॉलेजात जात होती. म्हणजे जायची, आकडी जाऊ देईल तेव्हा. औषधांनी पुरता गुण येत नव्हता. सोबत आई सालोमी. वायरी लावणाऱ्या विनयाने तिला बजावलं, "मावशी, आकडी आली की हे बटण दाबायचं आणि बाजूला व्हायचं. बाकी आम्ही बघू."

"लेकीला आकडी यावी म्हणून आईनं वाट बघत बसायचं?" सालोमी म्हणाली. "हा कुठला न्याय, बाय?"

विनया हसली आणि पुढच्या कामाला लागली.

रोज सकाळी सालोमी लेकीला चहात बुडवलेला पाव भरवायची, खाटेवर नजर ठेवणाऱ्या माझ्या कॅमेऱ्याकडे पाठ करून. मला वाटलं, लाड चाललेत. रेषा मात्र शांतच राहिल्या. मी तरी काय करणार? आहे तेच लिहिणार. क्रिस्टीनाचे वडील फेबियन घरी नोव्हेना करत होते, नऊ दिवसांची प्रार्थना. आकडी आलीच नाही, तेव्हा ते भरल्या डोळ्यांनी म्हणाले, "आमची नोव्हेना पावली."

डॉक्टरांचा चेहरा पडला. "आकडी आलीच नाही, तर ती कुठून सुरू होते ते कसं सांगू? आंधळेपणानं ऑपरेशन करता येत नाही. पुन्हा कधीतरी दाखल करू." खाटेसाठी दुसरे रुग्ण खोळंबले होते. क्रिस्टीना घरी गेली. जाताना सालोमी खुशीत होती, हे मी पाहिलं.

काही महिन्यांनी सालोमी एकटीच आली, काळ्या कपड्यांत. त्यांच्या वाडीत बावखल आहे, गोड्या पाण्याचं छोटंसं तळं. क्रिस्टीना तिथे बादली भरायला वाकली आणि आकडी आली. पाणी कमरेएवढंही नव्हतं, तरी ती बुडाली.

"गोळी मीच देत होते," सालोमी विनयाला म्हणाली. "पावातून. तिचे डोळे फिरलेले मला बघवत नाहीत, बाय. वाटलं, इथे तरी नको यायला."

मित्रांनो, त्या दिवशी माझा सगळा रुबाब गळून पडला. आम्ही लेकीच्या डोक्याला एवढ्या वायरी लावल्या, पण शेजारी बसलेल्या आईला कुणी विचारलं नाही की बाई, तुला किती भीती वाटते. आता माझ्या जागी नवी मशीन आली आहे. तिला जपा, तिच्या वायरी ओढू नका. पण त्याआधी आजाऱ्याच्या माणसाशी दोन शब्द बोला. आणि घरच्यांनो, डॉक्टरांपासून काही लपवू नका. भीती वाटते, एवढं नुसतं म्हणालात तरी पुरे.

त्या दिवशी सालोमीने एकच मागणं केलं. क्रिस्टीनाच्या रेषा तिला बघायच्या होत्या. विनयाने त्या माझ्या पडद्यावर आणल्या. सालोमी कितीतरी वेळ त्यांच्यावरून बोट फिरवत राहिली.

"यात ती बरी दिसते ना?"

"हो, मावशी," विनया म्हणाली. "अगदी बरी."