तापी ओलांडणारं घर

आमच्या घरात माझ्या तब्येतीची चौकशी नंतर, गाडीची आधी. आमचे हे, म्हणजे हिंमतराव, सकाळी उठले की तोंडही न धुता खळ्यात जायचे आणि गाडीच्या पोटाखाली शिरायचे. मी भरल्या दिवसांचं पोट सांभाळत चहा घेऊन उभी राहायची, तर खालून फक्त दोन पाय दिसायचे. त्या दोन पायांशीच माझा संसार चालला होता म्हणा ना.

गाडी लढाईनंतरच्या लष्करी लिलावातली. मागं उघडी, बसकी, चारी चाकांना ओढ असलेली, रंग शेवाळाचा. गावात तिला डबडं म्हणायचे. घरची केळी, घरचा कापूस, आणि गुजराच्या पोरानं हे कसलं सोंग आणलं, असं पारावर बोलणं चालायचं. मीही पहिल्या वर्षी तेच म्हणाले. मग खरं कारण कळलं आणि माझी जीभ आपोआप आखडली.

माझी नणंद रुखमा बाळंतपणाला माहेरी आली होती. कळा सुरू झाल्या आणि अडल्या, तेव्हा तिला नंदुरबारच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. आमचं गाव तापीच्या उत्तर काठावर, नंदुरबार पलीकडे, आणि आमच्या बाजूला तेव्हा पूल नव्हता. पावसाळा सरला की पात्र उघडं पडायचं. वाळूचं मोठं मैदान आणि त्यात वाहत्या धारा. बैलगाडी हेच हाकत होते, आत रुखमाजवळ सासूबाई बसल्या होत्या. मधल्या धारेच्या अलीकडे चाकं रुतली आणि बैल बसले. गावातून माणसं येईपर्यंत रुखमा वाळूवरच गेली, पोटातल्या जिवासकट. त्यानंतर तिचं नाव त्या घरात कुणी तोंडातून काढलं नाही.

एकाच मरणातून आई आणि मुलगा दोन वेगळ्या गोष्टी शिकले. आमच्यात जुनी बायकी समजूत होती, की गर्भारशीनं घर सोडून नदी ओलांडू नये. सासूबाई, जमनाबाई, यांनी मनाशी धरलं की आपण ओलांडू दिली म्हणून पोर गेली. ह्यांनी धरलं की गाडी रुतली म्हणून गेली. दोघं एकमेकांशी यावर अक्षर बोलत नसत. एकदा कडकडून भांडले असते तर बरं झालं असतं, पण नाही. त्या सोवळ्यासारखं दुःख जपत होत्या आणि हे पाना घेऊन गाडीखाली झोपत होते.

माझी पहिली दोन मुलं गावच्या सुईणीच्या हातून गेली. सुईणीला दोष देत नाही, तिनं जीव तोडून केलं. पण तिसऱ्या वेळी नंदुरबारच्या डॉक्टरांनी बजावलं, की हे बाळंतपण दवाखान्यातच व्हायला हवं, नाहीतर मूल हाती लागणार नाही. माझं माहेरही नंदुरबारचंच. सरळ वेळेवर तिथं जाऊन राहावं की नाही? पण पाचव्यात निघावं तर गाडी तयार नव्हती, आणि सातव्यात निघावं तर सासूबाई तयार नव्हत्या. मी मात्र कायम तयार होते. मला कुणी विचारत नव्हतं.

खरं सांगते, गाडीत त्यांनी जे केलं होतं ते बघून राग विरघळायचा. बैलगाडीला बांधतात तशा बांबूच्या कमानी, त्यावर ताडपत्री. ओसरीवरची बंगई, म्हणजे झोपाळा, त्यांनी काढली, पितळी कड्यांसकट, आणि ती मधल्या कमानींना लोखंडी पट्ट्या मारून आत टांगली. बंगईनं झोके घेऊ नयेत म्हणून चारी कोपऱ्यांना जुन्या ट्यूबचे पट्टे ताणून बांधले. खाली खड्डा आला तरी वर निजलेल्याला नुसता हेलकावा बसायचा. मागचं फळकुट बिजागरीवर खाली पाडलं की स्वयंपाकाचा ओटा. तेलाच्या पिंपाला तोटी बसवून पाण्याची सोय. रॉकेलच्या डब्यांची कपाटं. कंदिलासाठी कडी, तीसुद्धा स्प्रिंगची. पण त्यांचा सगळ्यात लाडका प्रकार म्हणजे तट्ट्या. कापसाची वेचणी झाल्यावर शेतात उरलेल्या पऱ्हाटीच्या काड्या सुतळीनं गच्च विणून त्यांनी लांब चटया केल्या होत्या. चाक वाळूत रुतायला लागलं की तट्टी पुढे अंथरायची, गाडी तिच्यावरून जाते. खळ्यातल्या भुसभुशीत मातीत ते मला पुन्हा पुन्हा करून दाखवायचे. लहान मुलासारखे माझ्या तोंडाकडे बघायचे. मी ‘छान’ म्हणायची आणि मग आत जाऊन रडायची, कारण त्या तट्ट्या कुणासाठी विणल्या होत्या ते मला दिसत होतं. त्या माझ्यासाठी नव्हत्या. त्या काही वर्षं उशिरा विणल्या होत्या.

माघात माझे दिवस भरत आले. हे आईपुढे जाऊन उभे राहिले.

“माय, आते निंघनं पडी.”

“घर सोडीसन नदी वलांडानी नही,” सासूबाई म्हणाल्या. चुलीपुढून त्या उठल्याही नाहीत.

“घर सोडानं नही ना? मंग घरच लई जासू.”

मला वाटलं चिडून बोलले. पण सासूबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. भीतीनं गांजलेलं माणूस वाट शोधतच असतं, कुणी दाखवायचा अवकाश.

“घर म्हंजे काय, माहीत शे का तुले?” त्या म्हणाल्या. “उंबरठा लागस. देव लागस. जातं लागस. आनि चूल पेटेल लागस. चूल इझनी ते घर नही ऱ्हास.”

“लई जासू,” हे म्हणाले.

आणि आमच्या ह्या शहाण्या माणसानं खरोखर घर भरलं. सागाची फळी आणून गाडीच्या मागच्या बाजूला उंबरठा ठोकला, सासूबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं. पत्र्याच्या घमेल्यात माती थापून चूल केली. देव टोपलीत बसले. मग जातं आलं. दोन गड्यांनी ते उचलून आणलं तेव्हा गाडी मागून अशी दबली की मी म्हणाले, “अहो, बाळंतीण मी आहे की जातं?” कुणी हसलं नाही. जात्याला जागा होईना. ह्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि शेवटी तट्ट्यांची गुंडाळी उचलून खळ्याच्या भिंतीला उभी केली.

“अहो, त्या कशाला काढता?” मी विचारलं.

“वाळू यंदा घट्ट शे,” ते म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले. आईचा शब्द आणि स्वतःची अक्कल यांत त्यांनी आईला निवडलं, आणि मी त्यांना अडवलं नाही, कारण ‘जातं राहू दे’ म्हटलं असतं तर सासूबाईंनी मलाच ठेवून घेतलं असतं.

उजाडल्यावर निघालो. मी बंगईवर आडवी, सासूबाई चुलीशी, हात लांब करून त्यात गोवरीचे तुकडे सारत. ताडपत्रीत धूर कोंडला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मनात धाकधूक, पण बंगई इतकी हलकी झुलत होती की क्षणभर मला माहेरच्या अंगणात असल्यासारखं वाटलं. काठ उतरल्यावर ह्यांनी गाडी थांबवून चाकांतली हवा कमी केली, म्हणजे चाक वाळूवर पसरतं. वर चढताना आत वाकून म्हणाले, “आते मधमा काय बी व्हवो, मी थांबाव नही. वाळूमा थांबनं म्हंजे फसनं.” आम्ही दोघींनी मान हलवली.

पहिली धार ओलांडली. गाडी घरघरत वाळूवरून निघाली. मधली धार समोर दिसायला लागली आणि तेवढ्यात एक जोराचा हिसका बसला. चुलीशेजारी ठेवलेलं पाण्याचं मडकं कलंडलं, सगळं पाणी घमेल्यात गेलं. फस्स झालं आणि राख उडाली.

“चूल इझनी!” सासूबाई किंचाळल्या. “थांबाड! हिंमत, गाडी थांबाड!”

आणि ते थांबले. आईची तसली किंकाळी त्यांनी त्याच जागी एकदा ऐकली होती. पाय आपोआप ब्रेकवर गेला.

पुन्हा सुरू केली तेव्हा चाकं जागच्या जागी फिरली आणि खाली गेली. जास्त जोर दिला, जास्त खाली. ह्यांनी उतरून फावड्यानं वाळू काढली, जॅक लावला, तर गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच वाळूत शिरत गेला. मी ताडपत्रीच्या फटीतून बघत होते. ते गुडघ्यांवर बसून खचत्या जॅकचा दांडा तसाच मारत राहिले होते. तट्ट्या खळ्याच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. आम्हा दोघांनाही त्या दिसत होत्या.

माझी पहिली कळ तेव्हा आली. मी ओठ चावला, पण आवाज बाहेर पडलाच.

“मी गावमा पयत जास, मान्सं लई येस,” हे म्हणाले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“नही,” सासूबाई म्हणाल्या.

त्या विझलेल्या चुलीपाशी उकिडव्या बसल्या होत्या, पदर ओला, हात काळे. त्यांनी एकदा बाहेरच्या वाळूकडे बघितलं. मग माझ्या पोटावर हात ठेवला.

“मागली बार बी तू मान्सं आनाले गया व्हता,” त्या म्हणाल्या. “मी एकलीच बठेल व्हती तिन्हापा. आते नही. जातं काढ.”

“माय, घर मोडी जाई.”

“मोडू दे. परत बांधसूत. मन्ही आंडेर, मन्ही पोर, आठेच गयी. हिले मी जाऊ नही देवाव. धर तू तो कोना.”

मायलेकांनी जात्याची खालची तळी ओढून वाळूत पाडली. तिच्यावर जॅक बसवला. दगड दबला, थोडा खचला आणि थांबला. गाडी वर उचलली गेली. सासूबाईंनी स्वतः पहारीनं उंबरठा उखडला, हळदकुंकवासकट, आणि एका मागच्या चाकाखाली सारला. दुसऱ्या बाजूला वरची तळी जॅकखाली आणि ओट्याचं फळकुट चाकाखाली. ज्या बाईनं त्या जात्यावर लग्नाच्या हळदीपासून सगळं दळलं होतं, ती वाळूत पालथी पडून दोन्ही हातांनी माती उपसल्यासारखी वाळू उपसत होती. त्यांच्या तोंडून एकच शब्द येत होता, “नही, नही, नही.” तो कुणाला उद्देशून होता ते मी सांगू शकत नाही.

गाडी निघाली. थांबून मागं काही गोळा करणं शक्यच नव्हतं. सासूबाई धावत येऊन मागच्या बाजूला लोंबकळल्या, मी बंगईवरून हात देऊन त्यांना आत ओढलं. देवांची टोपली तेवढी आमच्याबरोबर होती. पलीकडचा काठ चढेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही, आणि मी कळा सोसत त्यांच्या हातावर नखं उमटवली.

मुलगी झाली. रडली. तिचा तो पहिला आवाज ऐकून मी इतकी घाबरले, की नर्स म्हणाली, “बाई, हा चांगला आवाज आहे.” मला ठाऊक नव्हतं. मी तो आधी ऐकलाच नव्हता.

माहेरी राहून, अंगात ताकद आल्यावर आम्ही परत निघालो. हे गावी जाऊन आले होते आणि येताना तट्ट्या घेऊन आले होते. बारसं तेवढं राहिलं होतं. माझ्या आईनं नंदुरबारलाच उरकू म्हटलं, पण सासूबाईंनी ऐकलं नाही. आमच्याकडे नाव आत्यानं ठेवायचं असतं, बाळाच्या कानात आधी तिनं सांगायचं. “आत्याबगर नाव कोन ठेवी?” एवढंच त्या म्हणाल्या. आत्या एकच होती.

तापीच्या पात्रात मधली धार ओलांडली आणि सासूबाई म्हणाल्या, “हिंमत, थांबाड.”

वाळूत थांबायचं नाही, हे ह्यांनीच मला शंभरदा सांगितलं होतं. पण त्यांनी गाडी अगदी हळू केली, शेजारी बसलेल्या मला म्हणाले, “धर,” आणि चालत्या गाडीतून उडी मारून तट्ट्या पुढे फेकल्या. मी स्टिअरिंगचं चाक धरून बसले, जन्मात पहिल्यांदा. गाडी तट्ट्यांवर आली तेव्हा त्यांनी चढून ब्रेक लावला आणि इंजिन बंद केलं.

जातं कुठं दिसत नव्हतं, वाळूनं गिळलं होतं. सासूबाई नातीला घेऊन उतरल्या. थोड्या पुढे जाऊन वाळूत बसल्या, गोधडी पसरली आणि पोरीला तिच्यावर कुशीवर निजवलं, कान वाळूकडे करून. पोर चुपचाप पडून राहिली. आम्ही दोघं गाडीपाशी उभे होतो. हे रडत होते, आणि तोंड लपवत नव्हते.

बऱ्याच वेळानं त्या परत आल्या.

“आत्यानी ठेवं नाव,” म्हणाल्या.

“काय ठेवं?” ह्यांनी विचारलं.

“माले नही सांगं तिनी. पोरना कानमा सांगं.”

“मंग आपू हाक काय मारसूत, माय?”

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे ओठ हलत होते, पण त्यांना ते नाव उच्चारता येत नव्हतं. इतक्या वर्षांची सवय. मग मीच पोरीला हातात घेतलं आणि मोठ्यानं हाक मारली.

“रुखमा.”

त्या जागीच खाली बसल्या. ह्यांनी आईला उठवलं, आत आणून बंगईवर बसवलं आणि पोरीला तिच्या मांडीवर दिलं. मग त्यांनी मागच्या तट्ट्या उचलल्या, वाळू झटकली आणि चाकांपुढे अंथरल्या.