जहांबाजचं पथ्य

मांजर आजारी आहे हे कळायला मला डॉक्टर लागला नाही. सारखी पाण्याच्या टबापाशी जाऊन लपालपा पाणी पीत होती आणि अंगावरचे केस झिजल्या ब्रशासारखे उभे राहिले होते. पण आमच्या सूनबाईंना डॉक्टरच्या तोंडूनच ऐकायचं होतं. तिनं मांजराला मळक्या कपड्यांच्या टोपलीत कोंबलं, वरून दुसरी टोपली पालथी घातली, दोरीनं आवळलं आणि निघाली. मीही गेले बरोबर. आपल्या घरातल्या जिवाला कोण काय टोचतंय ते आपण बघायला नको?

घरातला जीव असं आता म्हणायचं. आधी ती आमच्या लाँड्रीच्या मागे, बॉयलरच्या भिंतीला चिकटून राहायची. एक कान फाटलेला, शेपटीचं टोक कुठल्या तरी लढाईत गेलेलं. जवळ गेलं की दात विचकून फिस्स करायची. आमच्या यांनी तिचं नाव ठेवलं जहांबाज. मांजर बघून ठेवलं की घरातली बाई बघून, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही.

मी तिला कोरडी बिस्किटं घालायचे. पुडा फोडायचा, थेट तिथं पसरलेल्या पोत्यावर ओतायचा आणि मागे सरायचं, कारण हात पुढे केला तर त्या हाताचं काही खरं नव्हतं. अशी पोसता पोसता एका थंडीत ती आपणहून आत आली आणि कपडे वाळवायच्या मशीनवर चढून बसली. तेव्हापासून ती जागा तिची. अंगाला हात मात्र कुणी लावायचा नाही.

डॉक्टर कोवळा पोरगा होता. म्हणाला, "मूत्रपिंडं थकलीत हिची. कोरडं खाणं बंद करा. हे डब्यातलं ओलं द्या, खास या आजाराचं असतं. एकदम बदलू नका, जुन्यात थोडं थोडं मिसळत जा. आणि उपाशी ठेवू नका, दोन दिवस पोटात काही गेलं नाही तर लगेच घेऊन या."

"आणि हे खाल्लंच नाही तर?"

"मग फार दिवस नाहीत, आजी."

असं म्हणून त्यानं पाठीमागच्या कपाटातून डबे काढले. रोग सांगणारा तोच आणि डबे विकणाराही तोच. मला तिथंच संशय आला. पण मांजर टोपलीत गप्प बसलं होतं, फिस्ससुद्धा करत नव्हतं. ते मला बघवेना. मी डबे घेतले.

घरी आल्यावर सून म्हणाली, "आई, तिचं खाणं मी बघू का?"

"तू काउंटर बघ. या घरात आजाऱ्याचं जेवण माझ्या हातचं असतं."

आणि हे काही मी उगीच म्हणत नाही. माझ्या सासूबाई शेवटच्या दुखण्यात माझ्या हातचं सोडून घास घ्यायच्या नाहीत, आणि कौतुक करायचं म्हटलं की त्या बाईची जीभ टाळूला चिकटायची. तेव्हा मांजर काय मोठं लागून गेलं?

मी एक वाटी काढली. आमच्या साबणानं घासून आरशासारखी केली. डब्यातला लगदा काढला, बिस्किटं चुरली, पाचही बोटांनी मऊसूत कालवलं, एक गुठळी ठेवली नाही. वाटी मशीनपाशी नेली. जहांबाज खाली उतरली. मान लांब केली. हुंगलं. पटकन मागे सरली, आणि मग पुढच्या पायानं वाटीभोवतीची फरशी खरवडायला लागली. मांजर घाण करून वर माती ओढतं ना, तशी. माझ्या जेवणावर!

"अगं, बिस्किटं आहेत त्यात. तुझी नेहमीचीच." तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी गिऱ्हाइकाकडे बघते, जेव्हा तो म्हणतो डाग आधी नव्हता.

दुसऱ्या वेळी कोमट करून दिलं. तिसऱ्या वेळी वाटी पुन्हा घासली, वर काचेची बशी काढली, तीही घासली. शेवटी डबा दूर ठेवला आणि नुसती बिस्किटं चुरून दिली. तीही नाहीत! ज्या बिस्किटांवर ती वाढली ती बिस्किटं! कुठंतरी पाणी मुरत होतं.

सून एकदा मागे येऊन उभी राहिली. "आई, भांडं नुसत्या पाण्यानं जर..."

"आता भांडी घासायचंही तुझ्याकडून शिकू?"

ती गेली. मुलगी तशी वाईट नाही, पण नाकानं कांदे सोलणारी. लग्न होऊन आली तेव्हा येताना स्वतःचा वेगळा साबण घेऊन आली. काउंटरच्या खणात ठेवते, त्यानंच हात धुते. लाँड्रीच्या घरात साबण आणणारी सून मी तरी दुसरी पाहिली नाही.

डॉक्टरचे दोन दिवस संपत आले, तेव्हा माझं धाबं दणाणलं. जहांबाजला टोपलीत घातलं आणि कपडे तोलायच्या काट्यावर ठेवली. हॉटेलच्या चादरी आम्ही किलोवर घेतो, काटा आमचा चोख आहे. काटा होता तिथंच! डॉक्टरकडे होतं तेवढंच वजन. म्हणजे माझ्या हातचं न खाणारी ही बया कुठंतरी पोटभर जेवून येत होती. मी भ्यायले होते, आता पेटले. कारण चोरून घालणारा माणूस तेच जुनं कोरडं घालत असणार, आणि तेच तिला मारणार होतं. बिस्किटांचा पुडा मी माझ्या कपाटात कुलपात ठेवला आणि चोर शोधायला लागले.

पहिला संशय यांच्यावर. हे इस्त्रीच्या टेबलाशी उभे होते.

"काय हो, मांजराला काय घालता?"

"मी? मला तू काय घालतेस त्याच्यातून उरतं कुठं?"

"तोंड वर करून सांगा."

"इस्त्री करतोय. तोंड वर केलं तर हॉटेलवाल्याचा कोट जळेल."

खोटं बोलताना यांचे कान लाल होतात. कान लाल नव्हते. सोडून दिलं.

मग समोरचा शिंपी. त्याच्या दुकानात दुपारी मांजरं चिंध्यांवर झोपतात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. मी दारातूनच विचारलं, "आमच्या जहांबाजला काय चारता तुम्ही?"

"वहिनी, ती माझ्याकडे येऊन फक्त माझ्यावर गुरगुरते. चारायला जाऊन बोट गमावू? मग सुई कशानं धरू?"

हेही खरं वाटलं. आता राहिलं कोण? लेक दिवसभर कपड्यांची गाडी घेऊन बाहेर. म्हणजे एकच.

मी डोळ्यात तेल घालून बघायला लागले. दुपारी मशीनं रिकामी होतात, घरात जरा डोळे मिटायची वेळ असते, तेव्हा सूनबाई काउंटरवरून हळूच उठायची. एप्रनचा खिसा फुगलेला. मागच्या दारानं जायची आणि थोड्या वेळानं खिसा सपाट करून परत यायची. मी विचारलं, "कुठं गेली होतीस?" तर म्हणे, "पाय मोकळे करायला." आमच्या घरात माणसं पाय मोकळे करायला बॉयलरमागे जात नाहीत.

लेक गाडीतून गाठोडी उतरवत होता, त्याला मी बाजूला घेतलं. "तुझी बायको मांजराला मारणार आहे."

"आई, काहीतरीच काय बोलतेस!"

"डॉक्टरनं बंद केलेलं चोरून घालतेय. मला दाखवायला, की बघा, तुमच्या हातचं खात नाही आणि माझ्या हातचं खातं."

"तिला विचारलंस का तू?"

"चोराला विचारून चोरी कळते होय?"

तो डोकं खाजवत गाठोडं उचलून आत गेला. बायकोच्या बाबतीत आमचा लेक नेहमी गाठोड्यामागे लपतो.

दुसऱ्या दिवशी मी झोपेचं सोंग घेतलं. मागचं दार वाजलं तशी उठले, चपला हातात घेतल्या आणि अनवाणी गेले. बॉयलरमागे सून उकिडवी बसली होती. जमिनीवर खोक्याचा फाडलेला तुकडा, आणि त्याच्यावर तोंड घालून जहांबाज गुरगुरत गुरगुरत खात होती. अशी, की जन्मात कधी खाल्लं नाही.

"सापडलीस!"

मांजर भिंतीवर. सून उभी राहिली, हातात एक लाकडी काडी, आइस्क्रीमची असते तसली. मी वाकून पुठ्ठा उचलला. बिस्किटाचा कण नव्हता त्यात. तोच तपकिरी लगदा होता. डॉक्टरचा. निव्वळ.

मी पुठ्ठ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "हे ती खाते?"

"खाते, आई. आधी थोडं, आता बरंच. दोन डबे मी वेगळे आणले होते."

"मग माझं का नाही खात?"

ती एप्रनचं टोक पिळायला लागली.

"बोल ना."

"रागावणार नाही ना?"

"रागावणार. तरी बोल."

"तुमच्या हाताला वास येतो, आई."

आजवर मला कुणी असं बोललं नव्हतं. जिच्या हातानं अख्ख्या शहराच्या हॉटेलांच्या कॉलरी पांढऱ्या होतात तिच्या हाताला वास! मी म्हटलं, "कसला?"

"लिंबाचा. आपल्या साबणाचा. तुमच्या हाताला, वाटीला, बशीला, भिंतींनासुद्धा. मी आले तेव्हा पहिल्यांदा मला घास जायचा नाही. मांजरांना तर लिंबाचा वास अगदी सोसत नाही. म्हणून पुठ्ठ्यावर, काडीनं घालते. इथं मागे वास जरा कमी येतो."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगायला आले होते. तुम्ही म्हणालात, भांडी घासायचं तुझ्याकडून शिकू का. म्हटलं, तोवर हिच्या पोटात तर जाऊ दे."

मी दोन्ही हात नाकाशी नेले. कसलाही वास नाही. आत जाऊन यांच्या नाकाशी धरले. यांनी हुंगून सांगितलं, "हात आहे. हाताला हाताचा वास." सूनबाईंनी मला बनवलं तर नाही ना, असंही मनात आलं. सून खोटं बोलत असली तर तिला तोंड दाखवायला जागा ठेवायची नाही, असं ठरवून मी तशीच रस्ता ओलांडून शिंप्यापुढे गेले आणि हात पुढे केले. "वास घ्या."

तो खुर्चीतून हललासुद्धा नाही. "वहिनी, तुम्ही रस्त्याच्या त्या बाजूला असता ना, तेव्हाच मला कळतं तुम्ही येताय. नाकानं."

"इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"तुम्हाला?" एवढंच म्हणाला आणि मशीन चालवायला लागला.

त्या दिवसापासून मांजराचं पथ्य सूनबाईंकडे गेलं. मी फक्त रोज पुठ्ठा तपासायचे. विश्वास ठेवावा, पण डोळे उघडे ठेवून.

मग आठ-दहा दिवसांत सुनेच्या माहेरून फोन आला. वडिलांचं ऑपरेशन ठरलं होतं, तिला जाणं भाग होतं. ती निघताना दारात घुटमळत होती. बापाची काळजी तर होतीच, पण नजर मशीनवरच्या मांजराकडे.

"आई, हिचं..."

"जा तू. बापाला बघ."

आता मांजर आणि मी. लेकाच्या हाताला गाडीच्या तेलाचा वास, यांच्याही हाताला तोच आमचा साबण. मी रबरी मोजे घालून बघितले, तर जहांबाज मोज्यांना बघूनच पसार झाली. काडीनं पुठ्ठ्यावर वाढलं, तर माझ्या बाहीचा वास घेऊन दूर बसून राहिली. सकाळ गेली, दुपार गेली. पोटात काही नाही. काट्यावर ठेवायची माझी छाती होईना.

मग दुसऱ्या दिवशी पहाटेपासून मी ओल्या कामाला हात लावायचं सोडलं. कॉलरी यांच्या गळ्यात टाकल्या आणि मी काउंटरवर बसले. अंगावर जुनं लुगडं, तेही नुसत्या पाण्यात उकळून काढलेलं. कपड्यांच्या चिठ्ठ्यांवर नावं लिहायची तर मला अक्षरं फार जमत नाहीत, म्हणून मिशीवाल्या गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर मिशी काढली आणि टकलावर गोल. एक कपडा इकडचा तिकडे झाला नाही. टकल्यानं चिठ्ठी बघितली तेवढी.

यांनी घासलेल्या कॉलरी बघून हॉटेलवाल्यानं निरोप पाठवला, की तुमच्या मालकिणीचा हात लागू द्या. हे माझ्यापुढे कोट घेऊन उभे.

"ये ना गं टबावर. गिऱ्हाईक जाईल."

"जाऊ दे. मांजर आधी."

संध्याकाळी बॉयलरमागे जाऊन बसले. पुठ्ठा ठेवला, काडीनं लगदा वाढला, हात मांडीवर ठेवले. ती भिंतीवर होती. उतरली. आधी माझ्याभोवती लांबून फेरी मारली. मग जवळ येऊन माझ्या हाताचं एकेक बोट हुंगलं, जकातनाक्यावरच्या शिपायासारखं, एकही न सोडता. तिनं पुठ्ठ्याकडे तोंड वळवलं आणि एक घास घेतला. थांबली. माझ्याकडे बघितलं. मग दुसरा.

तेवढ्यात फोन वाजला. सून.

"बाबा बरे आहेत, आई. शुद्धीवर आले. जहांबाजनं खाल्लं?"

"खातेय."

"खरंच? की मला बरं वाटावं म्हणून म्हणताय?"

बघा, आता ही माझ्यावर संशय घेणार! मी फोन खाली नेला आणि पुठ्ठ्याशी धरला. जहांबाजनं घास तोंडात ठेवूनच फोनवर अशी गुरगुर केली, की पलीकडे सुनेला हसू आवरेना.