दिसेल तेवढंच कापणारी

मी एक जुनी, लांब दांड्यांची, टोकाशी किंचित वाकलेली कात्री आहे. मित्रांनो, कागद कापणाऱ्या माझ्या बहिणींशी माझी गल्लत करू नका. पोलादातून माझा जन्म झाला आणि आयुष्य शस्त्रक्रियागृहात गेलं.

मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला गुदाशय म्हणतात. त्याच्याभोवती चरबीचं वेष्टन असतं. तिथे कर्करोग झाला, की त्याच्या पेशी या वेष्टनातही दडून बसतात. पूर्वी आमचे मोठे डॉक्टर खोल हात घालून आतडं सोडवत. काम झटपट होई, पण वेष्टन फाटे. तुकडे आत राहत आणि काही रुग्णांत रोग त्याच जागी पुन्हा डोकं वर काढी. मी ट्रेमध्ये नुसती पडून असे.

एकदा हाच रोग घेऊन एक शिंपीकाका आले. त्यांच्या थोरल्या भावाची शस्त्रक्रिया मोठ्या डॉक्टरांनीच केली होती, पण त्याचा रोग असाच परतला होता आणि त्यातच तो गेला होता. टेबलावर आडवं होताना त्यांनी शस्त्रक्रिया करणाऱ्या तरुण डॉक्टरताईंना विचारलं, "ताई, माझं दादासारखं नाही ना होणार?"

"वचन देत नाही, काका. पण ओढून फाडणार नाही. शिवण दिसेल तिथेच कात्री चालवीन."

"मग धार तेवढी बघून घ्या. बोथट कात्रीनं गिऱ्हाईक पळतं हो!"

त्या दिवशी ताईंनी मला उचललं. वेष्टनाच्या बाहेरून कोळिष्टकासारखा विरळ, पांढरा थर जात होता. तीच आमची शिवण. खाली जागा अरुंद होत गेली, तशी मी कणाकणाने सरकू लागले.

"अगं, हात घाल आणि मोकळं कर," समोर मदतीला उभे असलेले मोठे डॉक्टर म्हणाले. "मुंगीच्या पावलानं कुठवर जाणार?"

"सर, काकांच्या दादाच्या वेळी हातच घातला होता," ताई म्हणाल्या.

मग सरांनी आतडं अलगद बाजूला ओढून धरलं. "दिवा इकडे वळवा रे," ते म्हणाले. "हं, आता दिसतंय? काप."

काढलेला भाग ट्रेमध्ये आला. वेष्टन सगळीकडून अखंड, गुळगुळीत होतं. सरांनी ते कितीतरी वेळा उलटून पाहिलं. तेव्हापासून ते प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर आधी वेष्टनच पाहू लागले.

शिंपीकाका अजून तपासणीला येतात. रोग परतलेला नाही.

आता विजेवर कापणारं उपकरण आलंय. त्याचा मला हेवा नाही. तेही शिवण पाहूनच चालतं. पण मित्रांनो, हल्ली मला वापरून चिकटपट्ट्या कापतात आणि माझी धार जाते. एवढं करा, मला धार लावून ठेवा. बोथट कात्री कापत नाही, ओढते. आणि ओढलं की काय मागे राहतं, ते मी पाहिलंय.