घडी घातलेला कोट

“आम्ही तो फेकला नव्हता,” म्हातारा वाली खुर्चीतून उठून म्हणाला आणि चित्रीकरण थांबलं.

फ्रेंच फौजेतल्या सेनेगाली शिपायांवरच्या सिनेमाचं काम सेनेगलमधल्या थिएस गावात चाललं होतं. त्या फौजेत लढलेला म्हणून वालीला माहिती विचारायला बोलावलं होतं. त्याचं जेवण घेऊन आलेली बायको, कोडू, आंब्याखाली बसली होती. सिनेमातली गोष्ट महायुद्धातली, चव्वेचाळीस सालची. जर्मनांना मागे रेटत ही माणसं थंडीच्या डोंगरांपर्यंत पोचली. विजय दिसू लागला तसा हुकूम आला, की काळ्यांनी मागे जावं आणि अंगातले लोकरी कोट नव्याने भरती झालेल्या गोऱ्या पोरांना द्यावेत. सिनेमातला नट तो कोट गोऱ्याच्या तोंडावर फेकत होता.

“मग तुम्ही काय केलंत, काका?” डाकारहून आलेल्या दिग्दर्शकाने विचारलं.

वालीने कोट उचलला, झटकला, गळ्यापर्यंत बटणं लावून नीट घडी घातली. “असा हातात दिला. पोरगं कुडकुडत होतं. मी सलाम केला आणि सदऱ्यावर स्टेशनापर्यंत चालत गेलो.”

लोकांना हे पाहवणार नाही, असं दिग्दर्शक हळूच म्हणाला. आम्हाला तरी कुठं पाहवत होतं, वाली म्हणाला.

चाळीस वर्षांच्या संसारात कोडूने हे पहिल्यांदाच ऐकलं.

त्यांचा मुलगा लातीर शाळेत मास्तर होता. बापाशी फटकूनच असे. आमचे बाबा गोऱ्यांचे सलामवाले, असं चारचौघांत हसत सांगायचा. सिनेमा गावात लागला तेव्हा कोडूने हट्टाने त्याला बरोबर नेलं.

पडद्यावर कोट फेकलाच गेला. सगळं थिएटर उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. लातीरही उठला. खाली बसला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

“बाबा, तुम्ही असा फेकलात? आणि इतकी वर्षं बोलला नाहीत?”

वालीने मुलाकडे पाहिलं. इतक्या जवळून लातीरने त्याच्याकडे बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

“हो,” तो म्हणाला. “असाच.”

बाहेर पायऱ्यांवर गर्दी होती. बापाचा दंड धरून लातीर भेटेल त्याला थांबवून सांगत होता. वाली मान खाली घालून ऐकत राहिला. कोडू दोन पायऱ्या खाली उभी होती. आपल्याला कोणी विचारलं तर काय सांगायचं, ते ती मनाशी ठरवत होती.

तिला कोणी विचारलं नाही.